रंजनीचा दुसरा अर्ज

चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीत आम्ही राहायला आलो त्या दिवशी सामान वर चढवताना खालच्या मजल्यावरचं दार उघडलं. एक उंच, सडपातळ गृहस्थ बाहेर आले आणि हमालांना तमिळमध्ये काहीतरी दटावून माझ्याकडे वळले. "तुम्ही मराठी लोक का? आम्हीं पण मराठीच."

मी साताऱ्याकडची. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून चेन्नईला आलेली. ते मराठी ऐकून मला आधी हसू आलं आणि मग एकदम हायसं वाटलं. राघोत्तम राव मूळचे तंजावरचे. त्यांचे पूर्वज कधीकाळी इकडे आले ते इथलेच झाले. मराठी घरात राहिली, पण तिला तमिळचा सूर लागला. बायको अलमेलू शाळेत शिकवायची. राव केंद्र सरकारच्या कचेरीतून नुकतेच निवृत्त झाले होते. आणि त्यांना उशिरा झालेली एकुलती एक मुलगी, रंजनी.

रंजनीशी माझी ओळख झाली ती जिन्यात. पायरीवर बसून ती एका मांजरीच्या डोळ्यांत थेंब घालत होती. मांजर गुरगुरत होती आणि ही तिच्याशी तमिळमध्ये गप्पा मारत होती. मला बघून म्हणाली, "मावशी, एक मिनिट थांबा. आता हलाल तर ही पळेल."

मी पिशवी हातात धरून तशीच उभी राहिले.

तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. लहानपणापासून तेच. बारावीच्या वर्षातही रोज सकाळी ती टी. नगरमधल्या डॉ. मीनाक्षींच्या दवाखान्यात जायची. पिंजरे धुवायची, कुत्र्यांच्या अंगावरच्या गोचिडी काढायची, पट्ट्या गुंडाळायची. भटक्या कुत्र्यांच्या एका आश्रमातही जायची. तिथून आणि दवाखान्यातून तिने प्रमाणपत्रं घेतली होती, ती अर्जाबरोबर नीट लावून ठेवली होती.

ती प्रमाणपत्रं कोणी पाहिलीच नाहीत. तमिळनाडूतल्या बहुतेक जागा बारावीच्या मार्कांवर भरतात, आणि तिचे मार्क थोडे कमी पडले. 'नीट' या प्रवेश परीक्षेच्या मार्कांवर देशभरात ज्या थोड्या जागा मिळतात, त्यांच्या यादीत तर तिचं नाव जवळपासही नव्हतं. आठवडाभर ती खोलीतून बाहेर आली नाही. मांजर जिन्यात येऊन ओरडून जायची.

शेवटी रावच तिला घेऊन डॉ. मीनाक्षींकडे गेले. गेले म्हणजे बसने टी. नगरपर्यंत गेले आणि दवाखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर थांबले. राव कुत्र्यांना घाबरत. लहानपणी तंजावरला त्यांना कुत्रा चावला होता आणि तेव्हाची ती पोटातली इंजेक्शनं त्यांना अजून आठवत होती. गल्लीत कुत्रा दिसला की ते मला म्हणत, "अक्का, तुम्ही पुढे व्हा."

आत काय बोलणं झालं ते रंजनीने मला नंतर सांगितलं. डॉक्टरांनी तिची प्रमाणपत्रं बाजूला ठेवली आणि नीटचा पेपर कसा गेला ते विचारलं. जीवशास्त्र उत्तम होतं, रसायनशास्त्र बरं. भौतिकशास्त्रात मात्र तिने दिसेल त्या प्रश्नाला ठोकून उत्तर दिलं होतं, आणि चुकीच्या उत्तरांनी मिळालेले मार्कही खाल्ले होते.

"तुझी माया मला दिसते," डॉक्टर म्हणाल्या, "पण अर्जात तिच्यासाठी रकाना नाही. बारावीचे मार्क आता बदलत नाहीत. बदलता येईल असं एकच आहे, फिजिक्स. उद्यापासून इथे यायचं नाही."

"अजिबात नाही?"

"रविवारी ये. आठवड्याची सराव परीक्षा घरी देऊन झाली असेल तरच."

रंजनी घरी येऊन रडली. तिला वाटलं होतं की अर्ज बळकट करायचा म्हणजे आणखी काम, आणखी कुत्री, आणखी प्रमाणपत्रं. आणि इथे ज्याच्यासाठी सगळं चाललं होतं, त्यापासूनच लांब राहायचं होतं.

मग रावांनी एक गोष्ट केली, जी मला आजही आठवते. भौतिकशास्त्रातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, सगळी नोकरी हिशेबाच्या कचेरीत गेली होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर वाचून झाल्यावर ते खुर्ची घेऊन रंजनीच्या टेबलाशी जाऊन बसले.

"मला शिकव," ते म्हणाले.

"तुम्हाला कशाला अप्पा?"

"घरांत बसून काय करूं? शिकव गे."

आणि ती शिकवू लागली. आधी चिडून, उरकून. पण राव उरकू देत नसत. वर गॅलरीत कपडे वाळत घालताना मला त्यांचं बोलणं ऐकू यायचं. ती एखादं सूत्र मांडून उत्तर काढायची आणि राव विचारायचे, "हे तुज माहीत आहे का, असेल म्हणून वाटतंय?" मग पुस्तकाची पानं उलटल्याचा आवाज. मग पुन्हा पहिल्यापासून. कधी कधी दोघं भांडायची. एकदा तर लिफ्टमधल्या माणसाचं वजन कमी-जास्त का होतं यावरून इतकं वाजलं की अलमेलू पोळपाट-लाटणं टाकून बाहेर आली. "त्या लिफ्टमधल्या माणसाला खाली सोडा," ती म्हणाली, "दोघं पहिलं जेवा."

हळूहळू रंजनी 'येत नाही' म्हणायला शिकली. येत नाही तो प्रश्न सोडून पुढे जायला शिकली. तिच्यासारख्या मुलीला ते सोपं नव्हतं. तिला कुठलंच जनावर सोडून पुढे जाता येत नसे.

रविवारी मात्र दोघं बसने टी. नगरला जात. ती आत, राव टपरीवर.

उन्हाळा सुरू व्हायच्या सुमाराचा एक रविवार होता. दवाखान्यासमोर रिक्षा थांबली. आत एक म्हातारे गृहस्थ होते आणि त्यांच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेला मोठा कुत्रा. त्याचं नाव मणी. त्याच्या पोटात गाठ होती आणि ती सगळीकडे पसरली होती. गेले दोन दिवस तो पाणीही घेत नव्हता. त्याला शेवटचं इंजेक्शन द्यायचं आदल्या दिवशीच ठरलं होतं. म्हाताऱ्यांना त्याला उचलवेना. दवाखान्यातला माणूस त्या दिवशी रजेवर होता. रिक्षावाला घाईत होता.

राव चहाचा ग्लास हातात धरून हे बघत होते. म्हाताऱ्यांनी चादरीचं एक टोक उचललं आणि दुसरं निसटलं. मणी कण्हला.

रावांनी ग्लास ठेवला, रस्ता ओलांडला आणि दुसरं टोक धरलं. रंजनी दार उघडायला आली तेव्हा तिचा बाप घामाने थबथबलेला, डोळे अर्धे मिटलेले, कुत्र्याचं डोकं स्वतःच्या पोटाशी टेकलेलं, असा समोर उभा होता.

"लौकर सांग कुठे ठेवूं," एवढंच ते म्हणाले.

टेबलावर मणीला ठेवलं. डॉक्टरांनी रंजनीला त्याचा पुढचा पाय धरायला सांगितला, शीर दिसेल असा. रंजनीने आजवर बरी होणारी जनावरं धरली होती. असं धरायची तिची ही पहिली वेळ. म्हातारे मणीच्या कानापाशी वाकले आणि तमिळमध्ये त्याला सांगू लागले की घरी आज मासे आहेत, संध्याकाळी समुद्रावर जायचं आहे. राव त्यांच्या मागे उभे राहिले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून राहिले. सगळं फार शांतपणे झालं. मणीने एक लांब श्वास सोडला, बस्स.

घरी आल्यावर रंजनी म्हणाली, "अप्पा, मला हे जमायचं नाही. मी दुसरं काहीतरी शिकते."

राव तिला समजावायच्या भानगडीत पडले नाहीत. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला आणि तो तिच्या हातात दिला.

"रडू आलं म्हणून जमणार नाही, हे तुला कुणी सांगितलं?" डॉक्टर म्हणाल्या. "पाय धरला होतास तेव्हा तुझा हात हलला का?"

"नाही मॅडम."

"रडलीस कधी?"

"नंतर."

"मग झालं तर. मीसुद्धा आत जाऊन तोंड धुऊन आले. तू पाहिलं नाहीस इतकंच. पुढच्या रविवारी ये, आणि परीक्षा देऊनच ये."

फोन ठेवून ती बराच वेळ जिन्यात बसली. मग वर आली आणि मला म्हणाली, "मावशी, थोडा चहा द्या."

मे महिन्यात नीटची परीक्षा झाली. त्या उन्हात राव केंद्राबाहेरच्या झाडाखाली छत्री धरून बसले होते. बाहेर आल्यावर रंजनीने पहिलं वाक्य म्हटलं ते असं, "बरेच प्रश्न सोडून दिले, अप्पा." आणि रावांनी लॉटरी लागल्यासारखं तोंड केलं.

निकाल चांगला लागला. फार चांगला नव्हे, पण चांगला. आता अर्जात कॉलेजांची पसंती भरायची होती. पहिल्या वर्षी तिने घराजवळची मोजकीच कॉलेजं भरली होती. या वेळी डॉक्टरांनी तंबी दिली होती, जिथे जिथे जागा आहे तिथे सगळीकडे भर. अलमेलूला ते मान्य नव्हतं.

"परभणी कुठे आहे? तिकडे आपलं कोण आहे?"

राव म्हणाले, "तिकडे आपलं भाषा आहे."

पहिल्या फेरीत नाव आलं नाही. दुसऱ्या फेरीतही नाही. रंजनीने जवळच्या कॉलेजात प्राणिशास्त्राला प्रवेश घेतला आणि मुकाट्याने जायला लागली. राव आता सकाळी टेबलाशी नुसतेच बसून राहत. मग अगदी शेवटच्या फेरीत, कोणी वाट बघायचं सोडलं होतं तेव्हा, परभणीला जागा मिळाली. बातमी सांगायला राव दोन-दोन पायऱ्या चढत वर आले. ते नुसते माझ्या दारात उभे राहिले आणि हसत राहिले. डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

जायच्या आधी रंजनी रोज दुपारी माझ्याकडे येऊन बसायची. "मावशी, तिकडचे शेतकरी बोलतात तसं मराठी मला शिकवा." माझ्या माहेरी गोठा होता. मी तिला सांगितलं, म्हैस पोटुशी असली की गाभण म्हणायचं, दूध देईनाशी झाली की भाकड. कास कशाला म्हणतात, रवंथ कशाला. ती ते शब्द तमिळ सुरात घोळवत जिना उतरायची.

राव तिला पोचवायला परभणीपर्यंत गेले. सिकंदराबादला गाडी बदलली. परत आल्यावर मला किती दिवस तेच सांगत होते, "अक्का, स्टेशनवर चहावाला मराठी! हमाल मराठी! अस्के मराठी!" अस्के म्हणजे सगळे. मग म्हणाले, "मी बोललो ते मात्र कोणाला कळालं नाहीं."

पहिले काही महिने रंजनीलाही जड गेले. एकदा फोनवर सांगत होती, कॉलेजच्या दवाखान्यात एक शेतकरी म्हैस घेऊन आला होता. हिने धीर करून विचारलं, "तुमचं म्हैस काल काय खाल्ली म्हणून सांगा." तो तिच्याकडे बघतच राहिला आणि म्हणाला, "पोरी, तू नेमकी कुठली गं?" तिने सांगितलं, चेन्नईची. त्याला पटेना. "मद्रासची असून मराठी बोलतीस?" मग त्याने म्हशीचं सोडून तिच्या घरचीच सगळी विचारपूस केली. जाताना म्हणाला, "शिक. म्हशीला कुठं कळतंय, कंचं मराठी हाय ते."

पुढच्या दिवाळीला ती घरी आली. हात खरखरीत झाले होते, चेहरा उन्हाने रापला होता. पहिले दोन दिवस नुसती झोपली. तिसऱ्या दिवशी वर येऊन म्हणाली, "मावशी, भाकरी करता का?" मेसमध्ये रोज खाऊन तिला ज्वारीच्या भाकरीची चटक लागली होती. माझ्याकडे पीठ नव्हतं. आम्ही दोघी बाजारात जाऊन ज्वारी घेतली, गिरणीतून दळून आणली. चेन्नईला आल्यापासून माझ्या हाताची सवय मोडली होती, माझ्या दोन भाकऱ्या तव्यावर टाकतानाच तुटल्या. मग रंजनीने मला बाजूला केलं, परातीशी बसली आणि थापायला लागली. भाकरी गोल नव्हती, पण फुगली.

खाली अलमेलूने सांबार केलं होतं. राव ताटावर बसले, भाकरीचा तुकडा सांबारात बुडवून खाल्ला आणि विचारात पडले.

"कसं आहे, अप्पा?" रंजनीने विचारलं.

"थोडं मीठ पाहिजे होतं," ते म्हणाले, आणि दुसऱ्या भाकरीसाठी ताट पुढे केलं.