पिवळं फडकं

चष्मेवाल्यांच्या दुकानातून आजवर एकही चष्मा वाकडा बाहेर पडला नव्हता. नाकावर कुठे टेकतो, कानामागे किती दाबतो, हे ते गिऱ्हाइकाला तीनदा मान हलवायला लावून बघत आणि मगच त्याला सोडत. त्यामुळे गाडीचे ब्रेक पॅड आपण घरीच बदलणार, असं त्यांनी गुरुवारी जेवताना जाहीर केलं, तेव्हा त्यांना स्वतःला त्यात काही विशेष वाटलं नाही. बायकोचा घास मात्र हातातच राहिला.

बायको म्हणजे सिस्टर. एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरात काढलेली. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणे, आणि चारचौघांत चष्मेवालेही. ती एकतीस वर्षं ती ड्यूटीला बसने गेली. घरात गाडी आली ती सिस्टर निवृत्त झाल्यावर पुढच्याच महिन्यात. "मुहूर्त छान साधलात," एवढंच ती तेव्हा म्हणाली होती. ते वाक्य चष्मेवाल्यांच्या मनात अजून खुपत होतं.

म्हणून शनिवार महत्त्वाचा होता. तिच्या नर्सिंगच्या मैत्रिणी कितीतरी वर्षांनी एकत्र जमणार होत्या. दोन तासांचा रस्ता, शेवटचा सगळा उतार. हॉलच्या दारात गाडी लावायची, गाडीला फेरा मारून पलीकडे जायचं आणि सगळ्यांसमोर सिस्टरसाठी दार उघडायचं, हे चष्मेवाल्यांनी मनात पक्कं केलं होतं. दार उघडण्याचा सरावही करून झाला होता. पण बुधवारी पुढच्या चाकांनी किंचाळायला सुरुवात केली. मेकॅनिकने वाकून बघितलं. "पॅड संपलेत. सोमवारी आणा," म्हणाला.

सिस्टरने शनिवारी तीनच्या बसचं तिकीट काढलं आणि फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवलं.

"रद्द कर ते."

"करते ना. आधी गाडी थांबते का बघू."

शनिवारी सकाळी दहाला चष्मेवाल्यांनी घरासमोर जुनी चादर अंथरली. शेजारचे निवृत्त बसड्रायव्हर पायरीवर पेपर घेऊन बसले, पण पेपर काही उघडला नाही.

"आधी नट सैल करा, मग गाडी उचला," ते म्हणाले. "हवेत चाक फिरत राहील आणि तुम्ही त्याच्याबरोबर."

मागच्या चाकांना विटा लागल्या, गाडी जॅकवर चढली, खाली स्टँड गेलं. चाक निघालं. जुने पॅड काढले तर पत्र्यावर डिस्कला घासणारा मसाला नखाएवढाही उरला नव्हता. नवे जाड पॅड मावावेत म्हणून आतला पिस्टन शिकंजा लावून मागे दाबावा लागला. बसड्रायव्हर दर पाच मिनिटांनी म्हणत, "बघा हं, जमतंय का," आणि दरवेळी जमत होतं. चष्मेवाल्यांना त्यामुळे जरा जास्तच चेव चढला.

ब्रेकची डिस्क त्यांनी दुकानातल्या पिवळ्या फडक्याने पुसली. मग उजेडाकडे तोंड करून, एक डोळा मिटून पाहिली. बोटाचा ठसा दिसला. पुन्हा पुसली.

"अहो चष्मेवाले, ती लावून कोणाला पेपर वाचायचा नाहीये!"

"काम करायचं तर स्वच्छ."

पावणेदोनला दुसरंही चाक बसलं. चष्मेवाले गाडीत बसले आणि ब्रेक दाबला. पाय थेट तळाला गेला.

"दाबत राहा, दाबत राहा. पिस्टन पुढे यायला नको का?" बसड्रायव्हर ओरडले.

सात-आठ वेळा दाबल्यावर पेडल घट्ट झालं. चष्मेवाले छाती काढून उतरले. सिस्टर तयार होऊन, पर्स घेऊन बाहेर आली होती. ती गाडीकडे न बघता चादरीकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते.

"जुने पॅड चार. पाने दोन. शिकंजा एक. फडकी..." ती थांबली. "फडकी दोनच?"

"असतील."

"सकाळी मी घडी घालून तीन दिली होती."

"उडालं असेल कुठेतरी."

"वारा कुठाय? एका सर्जनने मला असंच सांगितलं होतं. पट्टी कमी भरत होती. म्हणे, जमिनीवर पडली असेल, टाके घाला. मी घालू दिले नाहीत. वीस मिनिटं शोधलं."

"मग कुठे सापडली?" बसड्रायव्हरांनी विचारलं.

"जमिनीवर नाही."

खिसे झाले, गाडीखालची जागा झाली, बसड्रायव्हरांचा पेपरसुद्धा झटकून झाला. चष्मेवाल्यांनी तोंडातल्या तोंडात पुटपुटत गाडी पुन्हा उचलली आणि उजवं चाक काढलं. काही नव्हतं. "बघ!" असं त्यांनी विजयाने म्हटलं आणि डावं काढलं.

डिस्क आणि पॅडच्या मधून एक पिवळा कोपरा जीभ काढल्यासारखा बाहेर आला होता.

चष्म्याच्या नव्या काचेवर बोटं उमटू नयेत म्हणून ते नेहमी तिच्यावर फडकं टाकून ठेवत. तसंच त्यांनी डिस्कवर टाकलं होतं आणि त्यावरूनच पॅड सरकवले होते. बसड्रायव्हरांनी, सकाळपासून पहिल्यांदाच, पेपर उघडून तोंडासमोर धरला.

सगळं पुन्हा खोललं, पुन्हा बसवलं. पेडल पुन्हा घट्ट झालं. चष्मेवाल्यांनी एकट्याने गल्लीच्या टोकापर्यंत पाच फेऱ्या मारल्या. दरवेळी गाडी आवाज न करता थांबली. परत आले तेव्हा तीन वाजायला सतरा मिनिटं होती. स्टॉप दहा मिनिटांवर.

"ब्रेक आता व्यवस्थित आहेत," ते मान खाली घालून म्हणाले. "पण तू बसनेच जा. मघाशी मी तुला तशीच घेऊन निघणार होतो."

सिस्टरने पुन्हा एकदा चादरीवरून नजर फिरवली. फडकी तीन. मग पर्समधून तिकीट काढून बसड्रायव्हरांच्या हातात ठेवलं.

"त्या सर्जनबरोबर मी पुढे अकरा वर्षं काम केलं. मोजू दिलं ना त्याने," ती म्हणाली आणि पुढच्या सीटवर बसून पट्टा लावला. "चला. आणि उतारावर गिअर खालचा ठेवा."

बसड्रायव्हर तिकीट उलटंसुलटं बघत राहिले. "खिडकी आहे का तरी?" त्यांनी मागून ओरडून विचारलं.

उतार सुरू झाला तेव्हा चष्मेवाल्यांनी हळूच ब्रेक दाबला. गाडी आज्ञाधारकपणे मंदावली. सिस्टरची पर्सवर घट्ट आवळलेली बोटं सैल झाली.

हॉलच्या दारात त्यांनी गाडी लावली आणि ठरल्याप्रमाणे लगबगीने फेरा मारून पलीकडचं दार उघडलं. आत कोणीच नव्हतं. सिस्टर केव्हाच आपल्या हाताने दार उघडून, लावून मैत्रिणींच्या घोळक्यात पोचली होती. तिने पर्समधून एक प्लॅस्टिकची पिशवी काढून वर धरली होती, आणि पिशवीत ते काळंपिवळं फडकं होतं.

"फडकी मोजून दिली होतीस ना?" एकीने विचारलं.

"मग काय!" सिस्टर म्हणाली आणि वळून बोट दाखवलं. "ते बघा, आमचे सर्जन."

दहाबारा निवृत्त नर्सेसनी एकदम मान वळवली. चष्मेवाले रिकाम्या सीटचं दार धरून तसेच उभे होते.