नट आवळून गेलेला चोर

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, समुद्रातून वाहून आलेली बेवारस प्रेतं उचलली. त्यातलं बरंचसं आता पुसट झालं आहे. पण टायरचोरीची एक साधी फिर्याद आजही जशीच्या तशी आठवते. त्या वेळी बोईसर परिसरातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. नावं सांगणार नाही. ती माणसं अजून तिथंच राहतात, भेटली की चहा पाजतात, आणि तो चहा मला बंद करून घ्यायचा नाही.

भर पावसाळा होता. सकाळची हजेरी आटोपून मी रात्रगस्तीचा अहवाल वाचत होतो. तेवढ्यात बाहेर ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी एका तरुणाचा आवाज चढला. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात इंजिनिअर होता. म्हणाला, "माझ्या गाडीचे चारही टायर चोरीला गेलेत."

अंमलदार जुना माणूस. त्याने विचारलं, "मग गाडी कुठं उभी आहे? विटांवर?"

"नाही. चालवतच आलोय."

ठाण्यात हशा पिकला. मी त्याला आत बोलावलं. खरोखरच चारही टायर गेले होते, पण त्यांच्या जागी त्याच मापाचे दुसरे चार बसवलेले होते. गाडी इमारतीखालच्या शेडमध्ये होती आणि हा रविवारभर घरात झोपून होता. गेलेले टायर साधे नव्हते. हा गडी सुट्टीच्या दिवशी लांबच्या ट्रॅकवर जाऊन गाडी पळवायचा, आणि टायर त्या कामाचे होते.

मी म्हटलं, "टायर तो टायर. त्यात काय एवढं?" झालं. त्याने मला शिकवायलाच घेतलं, आणि खरं सांगतो, शिकवलं फार सुंदर. ट्रॅकच्या टायरचं रबर मऊ असतं, खाचा अगदी थोड्या. जास्तीत जास्त रबर जमिनीला टेकावं हा त्यामागचा हेतू. तापला की असा धरतो की वळणावर गाडी रुळावर असल्यासारखी जाते. रस्त्यावर चालवायलाही परवानगी असते, म्हणून तो आठवडाभर तेच टायर ठेवायचा. दर वेळी काढ-घाल कोण करणार?

"आणि पावसात?" मी विचारलं.

"पावसात कमी धरतात. थंड राहतात आणि खाचा नसल्याने पाणी बाहेर टाकत नाहीत. वेग जास्त असला की गाडी पाण्यावर तरंगते. पण मी सांभाळतो."

"बरं, चोराने लावलेले टायर कसे आहेत?"

"चांगले आहेत, सर," तो नाइलाजाने म्हणाला. "वेगवान गाडीचेच आहेत, पण खोल खाचांचे. पाणी फेकतात, ओल्या थंड रस्त्यावरही रबर मऊ राहतं. आपल्याकडच्या पावसासाठी मी घेतले असते तर हेच घेतले असते."

आता मला सांगा, असा चोर कुठं असतो? मी बाहेर जाऊन गाडीभोवती फिरलो. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. चारही बाण बरोबर दिशेला होते. हवा मोजून भरलेली. प्रत्येक नट पक्का आवळलेला, आणि आवळल्यावर नटावरून चाकावर मेणखडूने एक पिवळी रेघ ओढलेली. इतकी वर्षं चोर पकडले, पण मालकाच्या जिवाची काळजी घेऊन नट आवळून जाणारा चोर मी पहिल्यांदाच पाहत होतो.

फिर्याद लिहून घेताना मी नेहमीचा प्रश्न विचारला, "घरात कोण कोण?"

"मी आणि बायको. ती माहेरी गेलीये, इथल्याच नवापूरला. सहजच."

पोलीस ठाण्यात 'सहजच' हा शब्द मी नेहमी जपून ऐकतो. माणूस खुनाची माहिती पटकन देतो, पण घरातल्या भांडणाची देत नाही. मी शब्द मनात ठेवला आणि गुन्हा दाखल केला. फिर्याद आली म्हटल्यावर दाखल करावीच लागते.

दुपारी खबर आली. स्टेशनबाहेरचा एक रिक्षावाला आमचा जुना खबऱ्या. आवारात उभ्या गाडीची चाकं बघून तो हसला. म्हणाला, "साहब, ये पीली लकीर तो पाम वाला मारता है। कसने के बाद। कभी भूलता नहीं।"

पाम गावचा तो टायरवाला मला माहीत होता. बोईसर रस्त्यावर त्याचं दुकान, पन्नाशीचा शांत माणूस. त्याला ठाण्यात आणलं. मी दम भरायच्या आधीच तो बोलला, "टायर माज्याकडंच हायत, साहेब. पिशवीत गुंडाळून ठेवलेत, चला दाखवतो. पन आमी चोरी नाय केली."

"मग आणले कुठून? शेडमधल्या गाडीची चावी कुणी दिली?"

"ते नाय सांगनार. शब्द दिलाय."

तासभर डोकं फोडलं. समजावलं, आवाज चढवला. शेवटी स्पष्ट सांगितलं, "बाबा, माल तुझ्या दुकानात सापडणार. अटक होईल. टायरवाल्यावर चोरीचा डाग लागला की त्याच्या दारात कुणी गाडी सोडून जात नाही. दुकान बसेल तुझं."

त्याने खाली पाहिलं. "कळतंय साहेब. पन शब्द दिला तो दिला. ज्यानं दिलाय काम, तो सोताच सांगंल."

त्या क्षणी मला त्याचा रागही आला आणि त्याला सलाम ठोकावासाही वाटला. कोठडीत मी शब्द फिरवणारे शेकडो पाहिले, मोठमोठ्या खुर्च्यांवरचे सुद्धा. हा माणूस स्वतःचं दुकान पणाला लावून गप्प बसला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचं पाप माझ्या हातून होणार, असं मला राहून राहून वाटू लागलं. मग तो 'सहजच' आठवला. फिर्यादीकडून बायकोचा नंबर घेतला. देताना तो चाचरला, म्हणून मीच फोन लावला.

सांगितलं, "तुमच्या यजमानांच्या गाडीचे टायर चोरीला गेल्याची फिर्याद आहे. एक माणूस ताब्यात घेतलाय."

पलीकडून एकदम आवाज आला, "कोण, पामचे भाऊ? त्यांना हात लावू नका साहेब. मी येते."

आम्ही पंचांना घेऊन टायरवाल्याच्या दुकानात पोचलो होतो, पंचनामा सुरू व्हायचा होता, फिर्यादी गाडी घेऊन टायर ओळखायला हजर होता. पाऊस धो धो कोसळत होता. तेवढ्यात रिक्षा थांबली आणि ती उतरली. नवापूरच्या मच्छीमार घरातली मुलगी, एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला. छत्रीसुद्धा न उघडता सरळ माझ्यासमोर आली.

"लिहून घ्या साहेब. टायर मी काढायला लावले. माझ्याकडची दुसरी चावी मी दिली, भाऊंनी रविवारी गाडी दुकानात नेऊन टायर बदलले. भाऊ नको म्हणत होते, मीच गळ घातली आणि याला आधी सांगायचं नाही असं वचन घेतलं. आज संध्याकाळी घरी येऊन मीच सांगणार होते."

नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. मी विचारलं, असं का केलंत?

"गेल्या आठवड्यात मी गाडीत होते. नवापूरच्या रस्त्याला पाण्यात ब्रेक लागला नाही. गाडी सरळ मोरीवर गेली. तिथं एक म्हातारी मासे घेऊन बसली होती. ती वाचली, तिची पाटी चाकाखाली गेली. हा म्हणाला, रस्ता निसरडा होता. मी म्हटलं, रस्ता नाही, टायर. भांडण झालं आणि मी माहेरी गेले."

मला ती आवडली. आणखी एका गोष्टीसाठी आवडली. तिला त्याचं वेड मोडायचं नव्हतं. साधे टायर लावून गाडीची बैलगाडी करणं सोपं होतं. तिने दोन संध्याकाळी या दुकानात बसून, त्याच्या गाडीच्या वेगाला शोभतील आणि पावसात धरतील असे टायर निवडले होते. ट्रॅकचे जपून ठेवायला सांगितले होते, कोरड्या दिवशी ट्रॅकवर नेऊन तिथं चढवायला. आपल्याकडे चार महिने पाणी. रस्त्यासाठी टायर पावसाचा बघून घ्यावा आणि ट्रॅकचा वेगळा ठेवावा, एवढी साधी गोष्ट. पण ती प्रेमाने निभावायला अक्कल लागते.

नवरा मात्र हट्टाला पेटला होता. "टायर माझे आहेत. आत्ता, इथं परत लावा."

चोरी उरली नव्हती, माल त्याचा होता. मी होकार दिला. टायरवाल्याने चारही चाकांचे टायर बदलले, नट आवळले, रेघा ओढल्या. दुकानासमोर ट्रक उभे करायचं मोठं सिमेंटचं मैदान होतं, त्यावर पाण्याचा थर साचला होता. नवरा गाडीत बसला, इंजिन चालू केलं. आणि ती बाई चालत चालत मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली, तोंड गाडीकडे करून.

"आण गाडी," तिने हाक दिली. "रोज पळवतोस तशी आण. आणि माझ्यापाशी थांबव. तू सांभाळतोस ना?"

माझी पाचावर धारण बसली. सोबतच्या महिला शिपायाला तिच्याकडे पिटाळलं, मी स्वतः गाडीच्या दाराकडे धावलो. इंजिन गुरगुरत होतं, वायपर फिरत होते. त्याने समोर पाहिलं. मी दाराला हात घालायच्या आत इंजिन बंद झालं.

त्याने चावी काढून घेतली. मग उतरला, पावसात भिजत टायरवाल्यापाशी गेला आणि म्हणाला, "काढा हे. आणि मला माफ करा, भाऊ." टायरवाल्याने जॅक पुन्हा खाली सरकवला.

पुढचं सगळं कागदोपत्री. फिर्याद गैरसमजुतीतून दिल्याचं नमूद करून 'क' समरीचा, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल कोर्टात पाठवला. तरुण अधिकाऱ्यांना मी ही गोष्ट सांगायचो तेव्हा ते तपासाबद्दल विचारत, मी माणसांबद्दल सांगायचो. दोघा माणसांनी कुणाचा तरी जीव वाचावा म्हणून आपल्या डोक्यावर चोरीचा आळ ओढवून घेतला, आणि तिसऱ्याने चारचौघांत आपली चूक मान्य केली. दोन्ही गोष्टी मला खाकीतही क्वचितच पाहायला मिळाल्या.

त्या संध्याकाळी त्या तरुणाचा पुरवणी जबाब मी स्वतः लिहून घेतला. शेवटी विचारलं, गाडी का नाही काढली?

तो म्हणाला, "ब्रेक लागणार नाही हे मला माहीत होतं, साहेब. रोजच माहीत होतं. फक्त समोर कोण उभं आहे ते मी कधी बघितलं नव्हतं."