गाडी डावीकडे ओढते

गाडी लिफ्टवर वर गेली, चारही चाकं खाली लोंबली, आणि मी ओरडले, "अन्वरभाई, थांबवा! तिथेच थांबवा!"

पुढच्या उजव्या चाकाचा ब्रेक होज कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा ताणला होता. बोटाने दाबला तरी हलेना. ब्रेक होज म्हणजे रबराची नळी. गाडीच्या अंगाला पक्क्या बसवलेल्या पाइपातून ब्रेक ऑइल येतं, ते या नळीतून चाकापर्यंत पोचतं. चाक वरखाली होतं, वळतं, म्हणून नळीला थोडा झोल ठेवलेला असतो. इथे नळीत झोल अजिबात नव्हता. सगळा झोल कामात होता. नळी पीळ पडलेल्या अवस्थेतच आवळली होती आणि पिळाच्या जागी रबराला चिरा पडायला लागल्या होत्या.

"हे कोणी केलंय?" मी विचारलं.

"अंधेरीचं वर्कशॉप आहे, मोठं," हर्षदा म्हणाली. "त्यांना दाखवली होती मी परत. ते म्हणाले, गाडीत काही नाहीये."

मी एका गाड्यांच्या कंपनीत बरीच वर्षं सस्पेन्शनवर काम केलं. सस्पेन्शन म्हणजे चाक आणि गाडी यांच्या मधलं सगळं. स्प्रिंग, शॉकॲब्सॉर्बर, त्यांना धरून ठेवणारे दांडे. नंतर नोकरी सोडली आणि गोरेगावला स्वतःचं छोटं वर्कशॉप काढलं. अन्वरभाई माझे मेकॅनिक. डोंगरात, वाळूत गाडी घालणारे लोक माझ्याकडे येतात. बहुतेकांना डोंगरात जायचंच नसतं. मॉलच्या पार्किंगमध्ये गाडी उंच दिसायला हवी असते. त्यांच्याशी माझं भांडण नाही. हर्षदाचं तसं नव्हतं.

हर्षदा तांडेल वर्सोव्याची. घरचा मासळीचा धंदा. ड्रायव्हिंग शिकली तीच मासळीच्या टेम्पोवर, बर्फ आणि पाणी सांडत असलेल्या उतारावरून रिव्हर्स घेत. आता ती फिजिओथेरपिस्ट आहे, आणि सह्याद्रीत जखमी झालेल्या ट्रेकर्सना खाली आणणाऱ्या एका टीममध्ये आहे. ॲम्ब्युलन्स डांबरी रस्त्यापर्यंत येते. तिथून पायथ्याच्या वाडीपर्यंतचा खडकाळ रस्ता या गाडीने कापायचा. गाडी जुनी, आकाराने लहान, पण फोर व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी. टीमने सेकंडहँड घेतली होती. एका बिल्डरने, देसाईसाहेबांनी, ती "रेस्क्यूसाठी तयार करून देतो" म्हणून स्वतःहून सांगितलं आणि अंधेरीच्या विकीकडे दिली. विकीचे व्हिडिओ मोबाइलवर खूप चालतात.

तयार होऊन आल्यावर गाडी ब्रेक मारला की डावीकडे ओढायला लागली.

"आधी वाटलं, मलाच सवय नाही उंच गाडीची," हर्षदा म्हणाली. "मग त्या दिवशी एका मुलाला घेऊन उतरत होतो. पाय मोडलेला. मागे आडवा झोपवलेला. वळणावर ब्रेक मारला आणि गाडी सरळ दरीच्या बाजूला. स्टिअरिंग खेचून धरलं, तरी डावी चाकं कडेच्या गटारात गेलीच. तो मुलगा असा किंचाळला ना, लीनाताई..."

"मग?"

"मग काय. विकीकडे नेली. तो एक राउंड मारून आला आणि म्हणाला, लेडीजला एवढी उंच गाडी झेपत नाही. हे त्याने देसाईसाहेबांना पण सांगितलं. त्यांनी टीमला. आता मीटिंगमध्ये ठरलंय, मी चालवायची नाही."

बोलले असते तर शिवी आली असती.

"आज गाडी कशी आणलीस मग?"

"चावी मागितली. दिली. शेवटचं म्हणून."

आम्ही चाकं काढली. एकेक गोष्ट दिसत गेली तसं माझं डोकं तापत गेलं. गाडी उंच करायला स्पेसर लावले होते. स्पेसर म्हणजे जाड धातूची चकती. ती शॉकॲब्सॉर्बरच्या डोक्यावर बसवली की गाडी वर उचलली जाते. एक पातळ चकती विचार करून लावली तर चालते. इथे एकावर एक दोन लावल्या होत्या. गाडी तेवढी वर गेली, पण होज जुन्याच मापाचा राहिला. तो पुरेना म्हणून त्याला जागेवर धरून ठेवणारा क्लॅम्प कापून टाकला होता आणि नळी कशीतरी फिरवून जोडली होती. त्या पिळामुळे उजव्या चाकाला ब्रेक डाव्यापेक्षा कमी लागत होता. गाडी ओढत होती ती म्हणून. खड्ड्यात चाक पूर्ण खाली लोंबलं असतं तर एखाद दिवशी नळी फाटली असती आणि घाटाच्या उतारावर अर्धाच ब्रेक उरला असता. मागे जखमी माणूस.

इंजिनच्या पोटाला दगड लागू नये म्हणून खाली जाड पत्रा लावतात, त्याला स्किड प्लेट म्हणतात. इथे होता तो पातळ पत्रा, काळा रंग दिलेला. मी अंगठ्याने दाबला तर वाकला. टायर एवढे मोठे की स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आत घासायचे, म्हणून आतलं प्लास्टिक कापलेलं. पुढे लोखंडी गार्ड, जे कायद्याने बंद आहे आणि ज्याच्यामुळे एअरबॅग नीट काम करेल याची खात्री राहत नाही. टपावर वजनदार रॅक, दिव्यांची पट्टी. म्हणजे उंच झालेल्या गाडीच्या डोक्यावर आणखी ओझं.

रेस्क्यूच्या कामाची एकही गोष्ट नव्हती. मागे स्ट्रेचर बांधायला साधे हुकसुद्धा नव्हते.

मी देसाईसाहेबांना फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले, सोबत विकी. मी गाडी मुद्दाम लिफ्टवरच ठेवली होती. दोघांना खाली उभं केलं आणि होज दाखवला.

"ही नळी ओढून बघा."

देसाईंनी बघितली. शर्टाला हात पुसले. "मॅडम, हे टेक्निकल तुम्ही आपसात बघा. रविवारी गाडीचं लोकार्पण आहे. आमदार येतायत. त्या दिवशी गाडी अशीच उंच दिसली पाहिजे."

"ही गाडी रस्त्यावर जायच्या लायकीची नाही."

"अरे मॅडम, शोमध्ये कुठे डोंगर चढायचाय?" विकी म्हणाला. "फंक्शन होऊ दे. मग होज बदलून देतो ना. छोटी गोष्ट आहे."

"छोटी?" माझा आवाज शेडभर गेला. "ब्रेक आहे तो! तुझ्या व्हिडिओतलं म्युझिक नाही! क्लॅम्प कापताना तुला कळलं नव्हतं, नळी पुरत नाहीये? कळलं होतं. म्हणूनच कापलास!"

"ताई, इतके लोक करतात. कोणाची तक्रार नाय."

तेवढ्यात हर्षदा पुढे आली.

"मी तक्रार केली होती," ती म्हणाली. "मी गाडी परत आणली तेव्हा तू ती लिफ्टवर घेतली होतीस का?"

"चालवून बघितली ना."

"लिफ्टवर घेतली होतीस का?"

विकीने देसाईंकडे बघितलं. देसाई मोबाइलकडे बघत होते.

"नाही घेतली."

"बघितलं नाहीस, आणि मला गाडी झेपत नाही म्हणून सांगितलंस. सगळ्यांना."

देसाईंनी मोबाइल खिशात ठेवला. "हे बघा, वाद नको. माझ्या कंपनीचं नाव आहे गाडीवर. नाव राहायचं असेल तर गाडी आहे तशी हवी. नाहीतर मला यातून बाहेर पडावं लागेल."

"मग नाव काढते," हर्षदा म्हणाली.

"टीमला विचारलंस?"

"विचारते ना. याच गाडीखाली उभं करून विचारते."

ते गेल्यावर अन्वरभाईंनी न सांगता हीट गन आणून तिच्या हातात दिली. स्टिकर गरम केला की सुटतो. दोन्ही दारांवरचं नाव तिने स्वतः सोलून काढलं.

संध्याकाळी टीम आली. मी काही भाषण केलं नाही. एकेकाला होजला हात लावायला लावला. मीटिंगमध्ये तिच्या विरोधात बोललेला एक जण होता, तो सगळ्यात जास्त वेळ वाकून बघत राहिला. मग बाहेर जाऊन उभा राहिला.

आम्ही सगळ्या चकत्या काढल्या. स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकमेकांशी जुळणारे, थोडेच उंच घेतले. कंपनीच्या मापाच्या जवळचे, पण दगडात टिकणारे टायर. योग्य लांबीचे होज, नवे क्लॅम्प. खाली खरोखरची स्किड प्लेट. पुढे मागे ओढून काढायचे भक्कम हुक. टपावरचा रॅक गेला. मागची सीट काढून स्ट्रेचर अडकवायची सोय केली. गाडी एवढी साधी दिसायला लागली की सिग्नलला कोणी वळून बघणार नाही.

मुरबाडच्या पुढे एका कच्च्या उतारावर आम्ही ट्रायल घेतली. हर्षदा चालवत होती, मी बाजूला. खडी सुटलेली, डावीकडे खोल उतार. मी म्हटलं, "मार ब्रेक. जोरात."

तिने मारला. गाडी सरळ रेषेत थांबली. परत चढलो, परत मारला. परत सरळ. मग तिने हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली.

"म्हणजे त्या दिवशी माझं काही चुकलं नव्हतं ना?"

"काहीच नाही. दुसरा कोणी असता तर गाडी गटारात थांबली नसती. खाली गेली असती."

ती रडली. मग विकीला कोळीवाड्यातली अशी एक शिवी दिली की ती मला इथे लिहिता येणार नाही. मला फार बरं वाटलं.

लोकार्पण झालं नाही. देसाईसाहेबांनी हात काढून घेतला. नवे भाग टीमने आपापसात वर्गणी काढून घेतले. चावी हर्षदाकडे परत आली आणि त्या गाडीतून माणसं खाली येतायत, धडपणे. विकीने आजपर्यंत तिची माफी मागितलेली नाही. त्या उंच गाडीचा व्हिडिओ त्याच्या पेजवर तसाच आहे, खाली लोक अजून "झकास" लिहितात.

धंद्यात राहून मी एवढंच सांगू शकते. गाडी मॉडिफाय करून घेतलीत तर व्हिडिओ बघू नका, लिफ्टवर चढवून खालून बघा. आणि चालवणारी सांगत असेल की गाडी एका बाजूला ओढते, तर आधी चाक काढा. तिला चालवता येतं का, हे नंतर विचारा. चाक काढल्यावर ते बहुतेक विचारावं लागत नाही.