पूजेतून उचललेला पाना

"आज पान्याला हात लावायचा न्हाई, मग तिला सांगून काय करतोस?"

चाकणच्या नाक्यावर एका गॅरेजच्या हौदातून मी बादलीत पाणी घेत होते, तेव्हा हे वाक्य कानावर आलं. बोलणारे गॅरेजचे मालक होते, तात्या नावाचे म्हातारे गृहस्थ. त्यांच्याशेजारी उभे असलेले मेकॅनिक उस्मानभाई आमच्या गाडीच्या पुढच्या चाकाशी वाकले होते. मला पाहताच दोघंही गप्प झाले. 'ती' म्हणजे मीच, हे कळायला वेळ लागला नाही. काय सांगायचं नव्हतं मला?

गेल्या नवरात्रातली, खंडेनवमीच्या दुपारची ही गोष्ट. खेडला सासरी माझी मोठी बहीण बाळंतपणात अडली होती. आई तिच्याजवळच होती आणि तिनं माणसाबरोबर चिठ्ठी पाठवली होती, की मावशीला घेऊन असशील तशी निघ. मावशी डॉक्टर आहे, चिंचवडला आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहते. माझ्या वडिलांच्या, दादांच्या, माघारी त्यांची जुनी इंग्रजी गाडी मीच चालवते. चिठ्ठी मिळाल्यावर पाव तासात आम्ही निघालो आणि चाकणला येईपर्यंत रेडिएटरचं पाणी उकळून वाफा येऊ लागल्या. मनातल्या मनात मी देवावर चिडले. खरं सांगायचं तर देवाशी माझं फारसं बोलणं नव्हतंच. शाळेत इंग्रजीत प्रार्थना म्हटली, घरी मराठीत आरती म्हटली, आणि दोन्ही वेळा मला वाटायचं, आपण दुसऱ्या कुणाचे तरी शब्द वाचून दाखवतो आहोत.

माणसांवर तर त्याहून कमी विश्वास. दादा गेल्यापासून दोन गॅरेजवाल्यांनी आम्हाला चांगलंच बनवलं होतं. नवे म्हणून जुनेच भाग बसवून दिले होते. तेव्हापासून मी गाडीसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक पाठ केलं होतं आणि कुणी गाडीला हात लावला की त्याच्या हातांवरून नजर काढत नव्हते. त्या दिवशी मात्र पाणी आणायला गेले आणि नजर हटली.

उस्मानभाई माझ्यासमोर आले. "बाईसाहेब, जरा स्टिअरिंग फिरवून दाखवता का?" मी फिरवलं. माझ्या हातातलं चक्र जवळजवळ पाव वळण फिरलं, तोवर पुढची चाकं हललीसुद्धा नाहीत. स्टिअरिंगचा दांडा जिथं चाकाला जोडलेला असतो, तिथला नट शेवटच्या आट्यांवर आला होता. नट सैल होऊ नये म्हणून त्यातून आरपार एक पिन घालतात. ती पिन तिथं नव्हती.

"घरून निघताना गाडी नीट होती," मावशी कडाडली. ती कुणाची भीड ठेवत नाही. "इथं उभी राहिली आणि पाच मिनिटांत पिन गेली? आम्ही बायका म्हणून काय वाटेल ते खपवाल?"

माझ्याही मनात तेच होतं, फक्त मला ते बोलायचं धाडस नव्हतं.

उस्मानभाई रागावले नाहीत. त्यांनी नुसतं बोट दाखवलं. "पिन नव्हतीच, डॉक्टरीणबाई. कुणीतरी तारेवर भागवलं होतं. हा बघा तारेचा वळ. ती तार आज-कालच कुणीतरी काढलीय."

तेव्हा मला पहाटेची आठवण झाली. त्या दिवशी पहाटे पूजेसाठी मी गाडी धुतली होती. वरून धुऊन समाधान होईना, म्हणून रॉकेलचा बोळा घेऊन चाकांच्या आतल्या बाजूला शिरले होते. तिथं एक गंजकी, वेडीवाकडी तार होती. देवापुढं उभ्या राहणाऱ्या गाडीला ही घाण कशाला, म्हणून पकडीनं ओढून मी ती उकिरड्यावर फेकली होती. मग चाकांना हळदकुंकू लावलं होतं. पुस्तकातल्या चित्रात तिथं सुबक पिन होती, तार नव्हती. आमच्याकडे पिन मिळाली नाही की तार ओवतात, हे त्या पुस्तकाला कुठून ठाऊक असणार?

मावशी बोलत राहिली आणि मी खाली मान घालून उभी राहिले.

गॅरेजात भिंतीशी पाट मांडला होता. त्यावर पाने, पकडी, हातोडे ओळीनं ठेवून त्यांना हळदकुंकू वाहिलं होतं, झेंडूची फुलं होती. ती हत्यारं दसऱ्याची पूजा होईपर्यंत उचलत नाहीत. तात्या म्हणाले, "बाई, आमच्या बापापासून हे मोडलं न्हाई. उद्या सकाळी या."

"तात्या," उस्मानभाई हळूच म्हणाले, "भीमेच्या पुलाआधी उतार हाय. नट निसटला तर गाडी पाण्यात."

"ठाव हाय मला."

"अन् बाळंतपणाला चाललीत, डॉक्टरीणबाई मघाशी म्हणाल्या."

"आधी का न्हाई सांगितलंस, मर्दा?" तात्यांनी वहाणा काढल्या, पाटापुढं वाकले, दोन क्षण डोळे मिटून उभे राहिले. "आई, लेकीचं काम हाय," एवढंच म्हणाले आणि पाना उचलून त्यांनी तो उस्मानभाईंच्या हातात दिला. नट आवळला गेला, नवी पिन बसली. डावीकडच्या चाकावरच्या स्प्रिंगचा एक कमानपाटाही मोडलेला निघाला. त्याला त्या दिवशी इलाज नव्हता. "हा बरोबर येईल," तात्या उस्मानभाईंकडे बोट करून म्हणाले. मावशी मागच्या सीटवर पिशवी पोटाशी धरून बसली. हा माणूस बरोबर का येतोय, याचाही तिला संशय होता.

चाकणच्या पुढं रस्ता खड्ड्यांचा. मी चक्र गच्च आवळून धरलं होतं, तरी प्रत्येक खड्ड्याला ते हाताला हिसका देत होतं. उस्मानभाई शेजारून म्हणाले, "मूठ सैल सोडा, बेटी. चाकाला त्याचा रस्ता घेऊ द्या, तुम्ही नुसती दिशा द्या." मी बोटं सैल केली. हिसके कमी झाले. उतारावर आलो, खाली भीमेचं पाणी दिसलं. चाकणला ज्या वाफांवर मी चिडले होते, त्या आल्या नसत्या तर? हे मी कुणाला पटवून देणार नाही. मला एवढंच माहीत आहे, की त्या उतारावर आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला हाक मारली, आणि ती कुणाच्या शब्दांत नव्हती. सगळं आपल्याच मुठीत आहे असं समजून मी चाकणपर्यंत आले होते. खरं तर तोवर माझ्या हातात जवळजवळ काहीच नव्हतं, आणि तरीही मला कुणीतरी नीट आणलं होतं.

दिवेलागणीला ताईला मुलगी झाली. दोघीही सुखरूप. अजून अर्धा तास उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं, असं मावशी म्हणाली. आई ओटीवर बसून रडत होती. उस्मानभाई परतीच्या एसटीची वेळ होईपर्यंत अंगणात थांबले होते. ताईच्या सासऱ्यांनी त्यांना चहा दिला, तर मावशीनं आवाज खाली न आणताच म्हटलं, "चहा द्या, पण ओळखून असा. पिन यांनीच काढली आणि यांनीच घातली."

उस्मानभाईंनी कप तसाच खाली ठेवला. मला दुपारपासूनचं माझं मौन आठवलं. एका माणसानं आपल्या बापापासूनचा नेम माझ्यासाठी मोडला होता, दुसऱ्यानं माझ्या वाटचा आळ मुकाट्यानं घेतला होता, आणि मी अजूनही माझा चांगुलपणा मुठीत आवळून उभी होते. ओटीवर सगळं सासर बसलं होतं. एवढ्या माणसांत मी कधी तोंड उघडलेलं नव्हतं.

"मावशी, यांनी काही काढलं नाही. ती तार सकाळी मी माझ्या हातानं काढून फेकली, आणि चाकणला कळल्यावरही मी गप्प राहिले."