मोंढ्यातला जोडीदार

लातूरच्या ज्या रुग्णालयात मी नोकरी करते, तिथं तळमजल्यावर एक्स-रेच्या शेजारी माझी खोली आहे. चालायचा पट्टा, एका जागी उभी असलेली सायकल, भिंतीला अडकवलेले रबरी पट्टे आणि हृदयाचा आलेख दाखवणारा पडदा, एवढंच सामान. नांदेडला फिजिओथेरपी शिकले, पुढं हृदयरुग्णांच्या व्यायामाचं शिक्षण घेतलं आणि इथं लागले. झटका येऊन गेलेल्या माणसाला पुन्हा त्याच्या कामापर्यंत नेऊन पोचवायचं, हे माझं काम. पण माझ्याकडं यायचे ते बहुतेक मास्तर, दुकानदार, बँकेतले साहेब. त्यांचं काम खुर्चीतलं. पट्ट्यावर चालवायचं, जिना चढवायचा, मनातली भीती घालवायची आणि घरी पाठवायचं.

उदगीरच्या मोंढ्यातले, म्हणजे धान्याच्या बाजारातले, एक हमाल माझ्याकडं आले, तेव्हा पहिल्यांदाच माझी खोली मला अपुरी वाटली.

पन्नाशीचे असतील. उंच, खांदे थोडे पुढं झुकलेले, मानेच्या खाली पाठीवर कातडी जाड, काळपट झालेली. आमच्याकडं वडीलधाऱ्या पेशंटला मामा म्हणायची पद्धत आहे, म्हणून मीही मामाच म्हणायला लागले. त्यांच्या हृदयाच्या नळीत स्टेंट बसवून काही आठवडे झाले होते. सोबत त्यांची बायको होती, ती दाराजवळच्या स्टुलावर पदर सावरून बसली.

"मॅडम, पोतं कवा उचलू?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"जड काम करू नका म्हनले. जड काम न्हाई करायचं तर हमालानं करायचं काय?"

बायको मध्येच म्हणाली, "मॅडम, तुमी न्हाईच म्हना. मी भांडून भांडून दमले."

मी हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. तपासल्याशिवाय काही सांगता येत नाही, एवढंच बोलले.

पट्ट्यावर ते मास्तरलोकांपेक्षा कितीतरी चांगले चालले. चढ वाढवला, वेग वाढवला, आलेखात काही बिघाड नाही. पण त्यांना दम किती लागला हे विचारण्यात अर्थ नव्हता. कधीही विचारा, उत्तर ठरलेलं, "कायच न्हाई." जन्मभर अंगानं राबलेली माणसं दुखणं सांगत नाहीत, हे मला तोवर कळलेलं होतं. अशा वेळी मी पेशंटला बोलतं ठेवते. वाक्य मध्ये तुटायला लागलं की समजायचं, आता पुरे. मामांना मी मोंढ्याबद्दल बोलायला लावलं आणि ते बोलले ते सगळं त्यांच्या जोडीदाराबद्दल.

जोडीदार म्हणजे पोतं धरायला समोर उभा राहणारा माणूस. दोघांनी मिळून पोतं उचलायचं आणि एकमेकांच्या पाठीवर द्यायचं. मामांचा जोडीदार त्यांच्याहून बराच लहान होता. स्वतःच्या लग्नाआधीपासून त्यांच्यासोबत कामाला. "आमी दोघं बोलत न्हाई लई," मामा पट्ट्यावर चालता चालता म्हणाले, "त्यानं मान हालवली की मला कळतंय, हे पोतं वल्लं हाय, जड लागणार."

खरी गडबड वजनाला झाली. रुग्णालयाच्या मागं बांधकाम चालू होतं, तिथली वाळू एका पोत्यात भरून घेतली. अंगाला तारा लावून मामांना ते उचलायला सांगितलं. थोडं वजन होतं तोवर काही नाही. वजन वाढवलं तसं त्यांनी ओठ घट्ट मिटले, मानेच्या शिरा फुगल्या आणि श्वास कोंडून धरला. रक्तदाब झपकन वर गेला. पडद्यावरची रेघ जिथं सपाट राहायला पाहिजे तिथं खाली बसली, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडत होतं.

"ठेवा मामा. खाली ठेवा."

"कायच न्हाई झालं."

"तुम्हाला न्हाई कळलं. हिला कळलंय," मी पडद्यावरच्या रेघेकडं बोट दाखवलं.

पुढं दोन-तीन महिने ते येत राहिले. उदगीरहून सकाळची बस धरायची, माझ्या खोलीत घाम गाळायचा, दुपारी परत. उचलताना तोंडानं फू करून श्वास सोडायचा, हे शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण आयुष्यभराची सवय उलटी होती. आधी अंग गरम करायचं, काम थांबवताना एकदम बसायचं नाही. मनगटावर नाडी कशी मोजायची. धोक्याच्या खुणा कोणत्या: छातीवर दाब, जबड्याकडं किंवा डाव्या हाताकडं जाणारी कळ, गार घाम. जिभेखाली धरायची गोळी खिशात ठेवायची. ते सगळं त्यांनी पाठ केलं. ताकद वाढली, चेहऱ्यावर रंग आला. पण एका ठराविक वजनाच्या पुढं ती रेघ प्रत्येक वेळी खाली बसायची, आणि मोंढ्यातलं पोतं त्या वजनाच्या बरंच पुढं होतं.

त्यांना हे सांगायच्या आधी मी उदगीरला जायचं ठरवलं. माणसाचं काम डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्याला कामावर सोडू नये, हे शिकताना ऐकलं होतं, पण कधी केलं नव्हतं.

मोंढ्यात हरभऱ्याची आवक चालू होती. पत्र्याचं शेड तापलेलं, हवेत भुसा. ट्रकला फळी लावलेली, तिच्यावरून हमाल पोतं पाठीवर घेऊन चढायचे, ट्रकमधल्या थप्पीवर टाकायचे आणि रिकाम्या पाठीनं पळत खाली यायचे. मी घड्याळ काढून किती वेळ चढतात, किती वेळ मोकळे असतात ते टिपत होते. तेवढ्यात एक ठेंगणा, हसऱ्या तोंडाचा माणूस टॉवेलनं मान पुसत समोर आला.

"तुमीच का मॅडम? आमच्या म्हाताऱ्याला चालून चालून दमवून राहिलाव म्हनं."

हा जोडीदार. मी त्याला म्हणाले, तुमच्या छातीला हा पट्टा बांधते, काम करताना नाडी किती वाढते ते बघू, म्हणजे मामांचा अंदाज येईल. त्यानं दोन्ही हात वर केले.

"माजं नका मोजू. मोजलं की निघतंय कायतरी." आजूबाजूचे हसले. पट्टा शेवटी दुसऱ्या एका तरुण हमालानं बांधून घेतला.

दुपारी शेडच्या सावलीत हमालांची टोळी बसली. मामांनाही मी बोलावून घेतलं होतं. टोळीचा मुकादम मोठ्या मिशांचा, कमी बोलणारा. मी सांगितलं की मामा कामावर येऊ शकतील, पण पोतं पाठीवर घेणार नाहीत. फळी तर अजिबात नाही. मामा माझ्याकडं न बघता जमिनीकडं बघत होते.

मुकादम म्हणाला, "टोळीत सगळ्यांचा वाटा सारखा. एकानं न्हाई उचललं तर ते दुसऱ्याच्या पाठीवर जातंय. इथं हलकं काम एकच, पोत्याचं तोंड शिवायचं."

मग जोडीदार म्हणाला, "मग शिवू द्या की. त्याची पोती मी वाहतो."

"रोज?"

"रोज. त्यानं माजी वाहिली न्हाईत का? माजा पाय मोडला हुता तवा?"

ते तिथंच मिटलं. येताना बसमध्ये मी खूश होते. अशी सोय मला कुठल्या साहेबाच्या ऑफिसात करून घेता आली नसती.

मामा कामावर गेले. दाभण आणि सुतळी घेऊन वजनकाट्याच्या शेजारी बसायचे. तपासणीला आले की मी विचारायची, कसं चाललंय. सुरुवातीला नुसतं "बरंय" म्हणायचे. एकदा म्हणाले, "पाठ रिकामी रिकामी वाटती, मॅडम. पोरं येता-जाता म्हनत्यात, शिंपी झाला म्हातारा." मी म्हणाले, सवय होईल. त्यांची नाडी, रक्तदाब, आलेख, सगळं उत्तम होतं.

दसऱ्यानंतर सोयाबीनची आवक सुरू झाली, तशी मामांची तपासणी चुकली. हंगाम आहे, सवड नसेल, असं मला वाटलं. नंतर त्यांच्या बायकोचा फोन आला. फोनवर ती नीट बोलू शकत नव्हती. मामांनाच काहीतरी झालं असं समजून मी खुर्चीतून उठलेच. मग कळलं. गेला तो जोडीदार.

त्याच्या पुण्यानुमोदनाला मी गेले. त्याचं घर बुद्ध विहाराच्या मागच्या गल्लीत होतं. दारात मांडव, आत बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्त्या आणि शेजारी त्याचा फोटो, तोही हसराच. पांढऱ्या साडीतली त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. वंदना झाली, लोक जेवायला बसले. मामा पंगतीला बसले नाहीत. गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली उभे होते, मी तिथं गेले. मी काही विचारायच्या आधी ते बोलायला लागले.

"सकाळधरनं छाती चोळून राहिला हुता. मी म्हनलं, काय रे? तर म्हनला, वडा खाल्ला, पित्त झालंय. गाडीवरचा सोडा पिला. परत फळीवर. मी शिवता शिवता बघून राहिलो, त्यो डावा हात झटकायला लागला. मग मी उठलो, त्याच्या गळ्याला हात लावला. गार, मॅडम. वरनं एवढं ऊन आन् गळा गार."

"मग?"

"मग मी वरडलो. म्हनलं, खाली बस, ह्ये पित्त न्हवं, मला म्हाईत हाय ह्ये. खिशातली गोळी काढली. त्यो म्हनला, तुजी गोळी तुला राहू दे, तुला लागंल. मुकादमाला म्हनलं, रिक्षा बोलवा. मुकादम म्हनला, एवढी गाडी भरू द्या, व्यापारी खोळंबलाय. बाकीचे हसले. म्हनले, म्हाताऱ्याला आता समद्यांलाच झटका दिसायला लागलाय."

मांडवातून वाढप्याची हाक ऐकू येत होती.

"त्यानं पोतं घेतलं, वर गेला. थप्पीला नीट लावलं. वाकडं न्हाई ठेवलं. त्याच्यावरच बसला आन् बसल्या जागी कलंडला. सरकारी दवाखान्यात नेईस्तोवर कायच राहिलं नव्हतं."

मी म्हणाले, "मामा, तुम्ही बरोबर ओळखलं होतं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग होता, पण तो माझ्यावर होता की आणखी कुणावर, ते मला अजूनही सांगता येणार नाही.

"तुमी शिकवलं ते मला समदं कळालं. पन ऐकनार कोन माजं? मी पोतं उचलत असतो तर त्याच्या म्होरं आडवा झालो असतो, मुकादमाची गचांडी धरली असती. तोंडं शिवनाऱ्याचं कोन ऐकतंय?"

मामांच्या बायकोनं पत्रावळीवर थोडं वाढून आणलं, ते त्यांनी हातात घेतलं आणि तसंच धरून उभे राहिले.

लातूरला परतल्यावर मी आमच्या मोठ्या डॉक्टरांच्या मागं लागले. मोंढ्यात जाऊन सगळ्या हमालांची तपासणी करू. त्यांनी परवानगी दिली, रुग्णालयाचा फलकही दिला. शेडच्या एका कोपऱ्यात आम्ही टेबल मांडलं, रक्तदाबाचं यंत्र, आलेखाचं यंत्र, रक्त घ्यायला एक मुलगी. मामा सकाळपासून टोळीतल्या एकेकाजवळ जाऊन सांगत होते, "जा रे, पैसे न्हाई लागत, नुसता हात द्यायचाय." लोक "हाव, येतो की" म्हणायचे आणि ट्रकच्या पलीकडं निघून जायचे. म्हातारे तर टेबलाकडं बघतसुद्धा नव्हते.

ज्यानं माझा नाडीचा पट्टा बांधून घेतला होता, त्या तरुण हमालाला मी विचारलं, का येत नाहीत हे? तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या मशिनीत कायतरी निघालं तर मुकादम टोळीत ठेवंल का? आन् ठेवलं तर त्याची पोती कोन वाहंल? वाहनारा गेला की."

दुपारी शेड जेवणासाठी रिकामं झालं, आम्ही सामान आवरत होतो, तेव्हा मुकादम आला. मान वळवून आजूबाजूला पाहिलं, खुर्चीत बसला आणि बाही वर केली. रक्तदाब एवढा होता की मी यंत्र चुकलं असेल म्हणून दुसऱ्या हातावर परत घेतला. तेवढाच.

"तुम्हाला आजच्या आज लातूरला यावं लागेल."

"गोळ्या लिहून द्या," तो म्हणाला, "आन् टोळीत कुनाला बोलू नका." त्यानं बाही खाली केली. "त्या दिवशी रिक्षा बोलवायला पायजे हुती," एवढं बोलून उठून गेला. लातूरला तो आला नाही.

जोडीदाराच्या बायकोला टोळीनं मोंढ्यात झाडलोटीचं काम मिळवून दिलं. ट्रक भरून गेले की खाली सांडलेले दाणे ती झाडून गोळा करते, चाळते. टोळीत जोडीदाराच्या जागी रेणापूरकडचा एक नवा गडी आला.

मामा अजून पोती शिवतात, माझ्याकडं तपासणीलाही येतात, पण आता बोलत नाहीत. पट्ट्यावर त्यांना बोलतं ठेवायला मी पावसाचं विचारते, नातवंडांचं विचारते. ते एका शब्दात उत्तर देतात, त्यामुळं वाक्य कुठं तुटतं ते कळायला मार्ग राहत नाही. मी पडद्याकडं बघत राहते. गेल्या वेळी तर त्यांचा आलेख पहिल्या दिवसापेक्षाही चांगला होता. उतरल्यावर मी तसं सांगितलं.

"मामा, हृदय एकदम छान काम करतंय."

ते शर्टाची बटणं लावत होते. "करू द्या," म्हणाले, आणि उदगीरच्या बसची वेळ झाली म्हणून निघाले.