तोर्केलकाकांची खूण

तोर्केलकाका मला पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांचे फक्त बूट दिसत होते. बाकीचे काका मिशिगन सरोवराच्या बर्फाला पाडलेल्या भोकात होते. मी गावात नवा, दुकान टाकायला आलेला. धावलो, पाय धरले आणि ओढले. आधी दाढी बाहेर आली. ती इतकी गोठलेली, की तिनं लाकडं फोडावीत. मग शिव्या आल्या. त्या शिव्यांनी तिथला बर्फ चांगला बोटभर वितळला.

"बुडणारा कोण नि बघणारा कोण, एवढं कळेना, आणि म्हणे दुकान टाकतोय!"

काका तळ बघत होते. तिथं कुठंतरी 'एडा मेरिल' होती. काठची जंगलं पेटलेली असताना, त्या धुरात या लाकडी आगबोटीला एका गलबतानं मधोमध धडक दिली. काका जवळच जाळी ओढत होते. सापडतील तेवढी माणसं त्यांनी होडीत घेतली; बॉयलरवरचा त्यांचा मुलगा आस्लाक वर आलाच नाही. आमचे नॉर्वेजियन कोळी पाण्यातली जागा लक्षात ठेवतात ती किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरून. काकांनी रडण्याआधी खूण धरली: चर्चचा मनोरा बरोबर चुनाभट्टीच्या धुराड्यावर.

पहिल्या हिवाळ्यात बर्फानं दगा दिला, माणूस पेलेल इतका धरलाच नाही. पुढच्यापासून मात्र काका रोज त्या रेषेवर भोकं पाडून गळ सोडू लागले. आस्लाकला वर काढायचं आणि त्याच्या आईशेजारी, गुनहिल्डकाकूंशेजारी ठेवायचं, एवढंच मागणं. एकदा गळाला बूट लागला. काका त्याला छातीशी धरून ओक्साबोक्शी रडले. मग आत बघितलं. बूट त्यांचाच होता, मागच्या साली पडलेला.

अशी कैक वर्षं गेली. एके दुपारी शेजारची राग्ना कॉफी घेऊन बर्फावर आली, किनाऱ्याकडे बघत राहिली आणि तिच्या हातातली किटली कलली.

"काका, बोट बुडाली तेव्हा चर्च टेकडीवर होतं हो!"

"मग?"

"मग काय मग! तुम्हीच नाही का ते खाली आणलंत?"

आणलं होतं. बोट बुडाल्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात, काकू हयात असताना, त्यांचे गुडघे चढ चढेनात, म्हणून सगळ्या गावानं चर्च ओंडक्यांवर चढवून, बैल जुंपून उताराला ओढलं होतं. बैल काकांचे. आरडाओरडाही काकांचाच. पण चर्च म्हणजे चर्च. ते हलतं हे आमच्यात कुणाच्या डोक्यातच येत नाही, स्वतः ओढलं तरी.

काका चर्चच्या जुन्या जागेवर काठी रोवायला टेकडीवर पळाले. पण पायाचे दगड चर्चबरोबरच खाली गेलेले, आणि तिथं आता राग्नाचं बटाट्याचं शेत. सगळं गाव त्या शेतात उभं राहून भांडलं.

"माझा बाक इथं! मी इथंच घोरायचो."

"तू सगळीकडेच घोरतोस, बस खाली!"

काकांनी सगळ्यांच्या सांगण्याप्रमाणे काठ्या रोवल्या. नंतर बर्फावर जाऊन वळून बघितलं. शेतातलं चार पावलांचं अंतर तिकडे सरोवरभर पसरलं होतं. कुठलीही काठी खरी असू शकत होती.

"राग्ना," ते म्हणाले, "कॉफी उरलीय का?"

तरी त्यांनी भोकं पाडली. पुढच्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला आणि ते गेले. गुनहिल्डकाकूंशेजारी आस्लाकसाठी राखलेली जागा होती, तिथं त्यांना पुरलं.