साडूभाऊंचा ग्लेझ

अख्ख्या वऱ्हाडात स्वतःची मोटार असून वर्षानुवर्षं एसटीनं फिरणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला थोरला साडू म्हणून आला. अकोल्याला कचेरीत नोकरी, अंगणात पांढरीशुभ्र सेकंडहँड गाडी, तिच्यावर ताडपत्री. आणि गाडीचे मालक आमच्याकडे अमरावतीला यायचे ते बसच्या दांडीला लोंबकळत. “गाडी का नाही आणली?” असं विचारलं की ते दुखावल्यासारखे बघायचे. “तिचं सीलंट बाकी हाय ना राजेहो! तशीच उघडी कशी काढू रस्त्यावर?” स्वतःच्या मुंजीतही त्यांनी इतकं सोवळं पाळलं नसेल.

सीलंट म्हणजे रंगावरचं शेवटचं कवच. ते एकदा चढलं की खाली जे असेल ते तसंच बंद. म्हणून त्याआधी रंगाला तजेला देणारा जो ग्लेझ लावायचा तो बिनचूक हवा, हा साडूंचा सिद्धांत. सिद्धांतात खोट नव्हती, फक्त ग्लेझ ठरत नव्हता. बॉनेटवर चिकटपट्ट्या लावून त्यांनी चौकोन आखले होते, प्रत्येक चौकोनात वेगळा ग्लेझ, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाआधी तिथं वाकून बघावं लागे. “सांगा, कोन्त्या चौकोनात तुमचं तोंड साजरं दिसून राहिलं?” मी एकदा म्हणालो, सगळ्यांत सारखंच वाईट दिसतं. त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, “म्हंजे अजून बाटल्या पाहा लागन.” माझ्या मेव्हणीनं वैतागून त्यातल्याच एका बाटलीनं तांब्याची कळशी घासली. कळशी अशी लखलखली की शेजारणी बघायला आल्या. साडूंनी मात्र ती बाटली तिथल्या तिथे बाद केली. कळशीवर चालतो तो ग्लेझ रंगाला कडक, म्हणाले.

अकोल्याच्या उन्हाळ्यात तर विचारू नका. ताप बघावा तसा हाताचा पालथा पंजा दर तासाला बॉनेटला लागायचा. मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात त्यांचे एक भाईजान होते, मोटारीच्या सामानाचे दुकानदार. ते मुंबईहून बाटल्या मागवून देत. मला बाजूला घेऊन एकदा म्हणाले, “साहब, लोग लडकी देखने में इतना टाइम नही लगाते.”

ते दिवस एरवी काही चमकायचे नव्हते. कापूस सालोसाल दगा देत होता, गावोगावचे गोठे ओस पडत होते. साडूंचे वडील, आबा, अमरावतीजवळ वलगावला एकटे राहत. शेत बटाईनं दिलेलं, आणि त्या उन्हाळ्यात त्यांची शेवटची बैलजोडीही बाजारात गेली. तेव्हापासून आबा बोलेनासे झाले. अकोल्याला येत नाहीत, धड जेवत नाहीत, नुसते रिकाम्या गोठ्याच्या तोंडाशी बसून राहतात. साडू याबद्दल कधी बोलले नाहीत, पण काळजीनं त्यांची झोप उडाली होती, हे मेव्हणीकडून कळलं.

अशातच अचानक साडूंचा निरोप आला. ग्लेझ ठरला, वलगावला या. ट्रक जागे व्हायच्या आत, बैलगाडीच्या वेगानं, साडूंनी ती गाडी अकोल्याहून वलगावला आणली होती. गोठ्यात उभी करून, जुने सगळे थर धुऊन रंग अगदी उघडा केला होता. “गोठ्यात का?” मी वाटेत विचारलं. “सावली असते. धूळ येत नाई,” ते म्हणाले, आणि पुढे चालत, “आबालेबी बरं वाटते.”

मला घ्यायला ते फाट्यावर आले होते. आम्ही बोलत गोठ्याशी पोचलो आणि साडू जागीच खिळले. पोळ्याचा आदला दिवस, बैलांचे खांदे शेकायचा. आबा गाडीपुढे उकिडवे बसले होते. वाटीत कोमट तूप आणि हळद, हातात पळसाचं पान, आणि त्या उघड्या पांढऱ्या बॉनेटच्या दोन्ही खांद्यांवर ते ती हळद मन लावून चोळत होते.

मी डोळे मिटले. आता काय ऐकावं लागतं या भीतीनं.

आबांनी मान वळवली. “आज खांदशेकनी व्हय ना रे? गोठ्यात उभं हाय, त्याचे खांदे कोरडे कसे ठेवू?” कित्येक महिन्यांत ते इतकं बोलले नव्हते. मग बॉनेटजवळ तोंड नेऊन, बैलाच्या कानात सांगतात तसं, ते म्हणाले, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

साडूंनी चपला काढल्या, शेजारी बसले आणि वाटीत बोटं बुडवली. “हिकडं राह्यलं आबा,” म्हणाले. त्या संध्याकाळी आबा दोन भाकरी जेवले.

हळद धुतली तरी तिचा पिवळा डाग पांढऱ्यावर राहिलाच. अकोल्याला परतल्यावर भाईजाननी बाटली पुढे केली, “ये कडकवाला मारो, दो हाथ में साफ.”

“आनि तो?” साडूंनी दुसरी दाखवली.

“वो तो नरम है. उससे दाग और खिलेगा.”

साडूंनी नरमवाली घेतली. वर सीलंट चढवलं.

पुढच्या थंडीत आबा गेले. मी फार रडलो, साडू मात्र कोरडेच दिसत होते, म्हणून मनातून त्यांच्यावर थोडा रागावलोही.

त्यानंतरच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी कामानिमित्त अकोल्याला गेलो होतो. साडूंच्या घराचं फाटक उघडंच होतं. ताडपत्री बाजूला केलेली, सीलंटखाली ती हळद अजून तशीच, आणि साडू तिच्यावर हात ठेवून, वाकून, हलक्या आवाजात म्हणत होते, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

मी पाऊल न वाजवता मागे गेलो, आणि मग फाटकाची कडी मुद्दाम मोठ्यानं वाजवली.